लाकडी दस्त्याचे माउझर पिस्तूल : ओळख, मूल्य आणि मालकी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपातील कारखान्यांत तयार झालेली अनेक शस्त्रे भारतात येऊन पोहोचली. काही संस्थानिकांनी हौसेने विकत घेतली, काही लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या सामानातून आणली, तर काही गुप्त मार्गांनी क्रांतिकारकांच्या हाती पडली. जर्मनीतील माउझर कारखान्याचे ‘सी ९६’ पिस्तूल हे यांपैकी सर्वांत सहज ओळखू येणारे शस्त्र होय. ज्या लाकडी पेटीत ते ठेवले जाते तीच पेटी मुठीला जोडली की पिस्तुलाची आखूड बंदूक बनते. दिल्ली आणि तिच्या परिसरातील एखाद्या जुन्या कुटुंबात आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी असे पिस्तूल आजही सापडू शकते. ते हाती आले म्हणजे वारसांपुढे तीन प्रश्न उभे राहतात : ही वस्तू नेमकी कोणती, तिचे मूल्य किती आणि ती बाळगण्याचा अधिकार कोणाला? हे प्रश्न वेगवेगळे भासले, तरी तिन्हींच्या उत्तराची वाट पोलादावर ठोकलेल्या क्रमांकापासून सुरू होते.

रचना आणि खुणा

नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या गावी माउझर कारखान्यात काम करणाऱ्या फेडर्ले बंधूंनी हे पिस्तूल रचले. त्याचे पेटंट १८९५ मध्ये कारखान्याचे प्रमुख पाउल माउझर यांच्या नावे घेण्यात आले. १८९६ च्या सुमारास सुरू झालेले त्याचे उत्पादन १९३७ पर्यंत चालले आणि या काळात सुमारे दहा लाख पिस्तुले बनली. विन्स्टन चर्चिल यांनी १८९८ मध्ये सुदानातील ओमदुर्मानच्या लढाईत हेच पिस्तूल वापरले होते.

काडतुसांचे घर मुठीत नसून चापाच्या पुढे असणे, हे या पिस्तुलाचे पहिले लक्षण. हे घर सामान्यतः पिस्तुलाच्या सांगाड्याचाच भाग असते. त्यात दहा काडतुसे वरच्या बाजूने पट्टीच्या साहाय्याने भरली जातात. मूठ गोल व निमुळती असून झाडूच्या दांड्यासारखी दिसते. इंग्रज संग्राहकांनी तिला ठेवलेले टोपणनाव त्यावरूनच पडले. नेहमीच्या नमुन्याची नळी सुमारे १४० मि.मी. लांब असते आणि मूळ काडतूस ७.६३ मि.मी. व्यासाचे असते. नेमाची मागील पट्टी वर सरकवता येते आणि तिच्यावर कित्येकदा १,००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असतात. हातात धरलेल्या पिस्तुलाला एवढ्या अंतराचा उपयोग नाही. दस्ता जोडून खांद्यावरून नेम धरण्याची अपेक्षा त्या आकड्यांमागे होती.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा व आतून पोकळ असतो. त्याच्या रुंद टोकाला बिजागरीचे झाकण असून अरुंद टोकाला लोखंडी जीभ असते. मुठीच्या मागील बाजूस असलेल्या खाचेत ही जीभ सरकवून बसवतात. मुठीला अशी खाच नसेल, तर तो दस्ता त्या पिस्तुलाचा नव्हे हे तत्काळ ध्यानात यावे. चीनमध्ये हे पिस्तूल फार लोकप्रिय झाले आणि या लाकडी पेटीवरून तेथे त्याला ‘पेटी-तोफ’ अशा अर्थाचे नाव मिळाले.

एकाच नमुन्याच्या अनेक पोटजाती आहेत. अगदी प्रारंभीच्या पिस्तुलांचा घोडा शंकूसारखा, नंतरच्यांचा मोठ्या कडीचा आणि पुढे लहान कडीचा होत गेला. पहिल्या महायुद्धापूर्वी काही वर्षे सुधारित सुरक्षा-कळ आली, तेव्हा घोड्यावर ‘एन’ व ‘एस’ ही रोमन अक्षरे जोडून कोरली जाऊ लागली. १९१६ मध्ये जर्मन सैन्याने दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदवली; ती ९ मि.मी. काडतुसाची होती. सैनिकांची गल्लत होऊ नये म्हणून त्यांच्या मुठीवर लाल रंगात नऊचा आकडा कोरण्यात आला. १९३० नंतर सुटे मॅगझिन असलेले, चाप दाबून धरला की गोळ्या झाडतच राहणारे स्वयंचलित रूपही बनले. वरवर सारख्या दिसणाऱ्या या रूपांमधील भेद पुढे कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

अनुकरणे हाही एक विचारात घेण्याजोगा भाग आहे. स्पेनमध्ये व चीनमध्ये या आकाराची पिस्तुले मोठ्या संख्येने बनली. वायव्य सीमेवरील दर्रा आदमखेल येथील कारागिरांनीही त्यांच्या हातघडणीच्या प्रतिकृती केल्या. अशा प्रतिकृतींवर कारखान्याचे नाव चुकीच्या अक्षरांत किंवा वाकडेतिकडे उमटलेले आढळते. पोलाद कच्चे असल्याने त्या धोकादायकही असतात.

एका चोरीचा धडा

क्रमांकाचे महत्त्व भारताच्या इतिहासातच ठळकपणे नोंदलेले आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रोडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्या पेढीच्या कारकुनाने जकात कचेरीतून मालाच्या २०२ पेट्या सोडवल्या. व्हॅन्सिटार्ट रो येथील गोदामात मात्र १९२ पेट्याच पोहोचल्या. श्रीशचंद्र मित्र नावाचा तो कारकून उरलेल्या पेट्या आणण्यासाठी म्हणून गेला तो परतलाच नाही. नाहीशा झालेल्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती.

न्यायमूर्ती रौलट यांच्या अध्यक्षतेखालील राजद्रोह समितीने १९१८ च्या अहवालात या प्रकरणाची दखल घेतली. पिस्तुलाची पेटीच मुठीला जोडून ते बंदुकीप्रमाणे खांद्यावरून चालवता येते, ही बाब समितीने मुद्दाम नमूद केली. ही पिस्तुले बंगालमधील निरनिराळ्या क्रांतिकारक गटांत वाटली गेली. सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले तेही माउझर पिस्तुलांनिशीच. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची यादी पेढीकडे होती. त्यामुळे कोठेही एखादे पिस्तूल हस्तगत झाले की ते त्या पन्नासांपैकी आहे किंवा नाही, हे पडताळून पाहता येई. अहवालाच्या वेळेपर्यंत ३१ पिस्तुले परत मिळाली होती. उरलेल्यांचा माग तोवर लागला नव्हता.

अलीकडचे उदाहरण जर्मन पिस्तुलाचे नाही, परंतु तत्त्व तेच आहे. १९२८ च्या साँडर्स वधाच्या खटल्याशी संबंधित भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात अनेक वर्षे इतर शस्त्रांत अनामिक पडून होते. गंज लागू नये म्हणून दिलेल्या रंगाखालचा क्रमांक उघडा करून तो खटल्याच्या कागदपत्रांशी ताडून पाहण्यात आला, तेव्हा २०१६ मध्ये त्याची ओळख पटली. क्रमांक आणि कागद एकत्र आले म्हणजे मुक्या पोलादाला इतिहास लाभतो. त्यांतील एक जरी हरवला, तरी उरते ती केवळ आख्यायिका. ‘हे क्रांतिकारकांचे पिस्तूल’ अशी घरात चालत आलेली समजूत पडताळायची झाल्यास नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या तत्कालीन गृहखात्याच्या राजकीय शाखेच्या फायलींचा आधार घेता येतो.

मूल्य कशावरून ठरते

संग्राहकाच्या दृष्टीने पहिला निकष क्रमांकांच्या मेळाचा आहे. मूळ पिस्तुलात नळीच्या मागील भागावर आणि सांगाड्यावर पूर्ण क्रमांक असतो व लहान भागांवर कित्येकदा त्याचेच शेवटचे अंक असतात. हे सारे जुळत असतील, तर शस्त्र कारखान्यातून निघाले तसेच राहिले आहे असे मानता येते. पुष्कळ दस्त्यांच्या लोखंडी भागावरही क्रमांक असतो. पिस्तूल व दस्ता एकाच क्रमांकाचे असणे ही दुर्मीळ गोष्ट होय, कारण लाकूड लवकर फुटे आणि सैन्यात अदलाबदल सर्रास होई.

दुसरा निकष पृष्ठभागाचा. पोलादावरील मूळ निळसर झाक, झिजलेली असली तरी, नव्या चकचकीत मुलाम्यापेक्षा अधिक मोलाची असते. हौसेने घासून पुसून चमकवलेल्या पिस्तुलाच्या खुणा बुजतात आणि त्याबरोबर त्याचे मूल्यही घटते. दस्त्याचे लाकूड तासणे किंवा त्यावर नवे रोगण चढवणे याचाही परिणाम तोच होतो. त्यानंतर नळीच्या आतील आट्यांची स्थिती, पोटजातीची दुर्मीळता आणि मूळ चामडी पट्टे यांचा विचार होतो. जुना परवाना, खरेदीची पावती किंवा सैनिकी नोंद असल्यास मूल्यात मोठी भर पडते.

परदेशांतील लिलावांचे आकडे भारतातील किमतीला लावणे मात्र भ्रामक ठरते. येथे खरेदीदार परवानाधारकच असावा लागतो आणि शस्त्र देशाबाहेर सहजी नेता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशा वस्तूची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. ज्याचे कागद नाहीत, अशा पिस्तुलाला तर कायदेशीर बाजारात किंमतच नसते.

कायद्याची दृष्टी

शस्त्र जुने झाले की परवान्याची गरज संपते, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो सर्वांत घातक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ४५ ने जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट दिली आहे हे खरे. परंतु दुरुस्ती करूनही किंवा न करताही जे बंदुकीसारखे वापरता येणार नाही, अशाच शस्त्राला ती लागू होते. केवळ वय पुरेसे नाही. शतकापूर्वीचे माउझर पिस्तूल बहुधा आजही गोळी झाडू शकते. म्हणून ते पूर्णार्थाने अग्निशस्त्रच होय. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘क्युरिओ’ या वर्गातील लहान शस्त्रे जवळ ठेवण्यास परवान्यातून सूट मिळाली, तरी ती वापरण्यास अथवा इकडून तिकडे नेण्यास परवाना लागतोच. आपले पिस्तूल त्या वर्गात बसते असे मालकाने स्वतःच ठरवू नये. परवाना प्राधिकाऱ्याचा लेखी निर्णय घ्यावा.

येथे पोटजातीची ओळख उपयोगी पडते. ७.६३ मि.मी.चे साधे पिस्तूल सामान्य परवान्यावर बाळगता येते. लष्करी ९ मि.मी. काडतूस ज्यात बसते ते लाल नऊचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचा परवाना लागतो. स्वयंचलित रूप तर निषिद्ध शस्त्रच आहे. परवान्याशिवाय साधे अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते. निषिद्ध शस्त्राच्या बाबतीत ती सात ते चौदा वर्षांची आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली असून वारसाहक्काने आलेले शस्त्रही तिच्यातच धरले जाते.

क्रमांकाला कायद्यातही तेच स्थान आहे. कलम ८ नुसार अग्निशस्त्रावरील ओळखखुणा पुसणे किंवा बदलणे निषिद्ध आहे आणि अशा खुणा नसलेले शस्त्र विकताही येत नाही. परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकायचे असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे यांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते.

राजधानी परिसरात आणखी एक अडचण संभवते. दिल्लीत परवान्याचे काम दिल्ली पोलिसांच्या परवाना शाखेकडे आहे. गुरुग्राम हरियाणात, तर नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात मोडतात. दिल्लीची हद्द ओलांडली की राज्य बदलते. म्हणून शस्त्र एका घरातून दुसऱ्या घरी हलवण्यापूर्वी परवान्यात कोणते क्षेत्र नमूद आहे ते पाहणे अगत्याचे ठरते.

वारसांनी काय करावे

ट्रंकेत पिस्तूल सापडल्यास प्रथम ते भरलेले आहे असेच समजावे. काडतुसांचे घर सांगाड्यातच असल्यामुळे बाहेरून पाहून ते रिकामे असल्याची खात्री पटत नाही. चाप, घोडा यांना हात न लावता, ते न घासता, न रंगवता तेथेच सुरक्षित ठेवावे आणि दिसतील तेवढ्या खुणा व क्रमांक टिपून घ्यावेत. मृत व्यक्तीचा परवाना व जुने कागद शोधावेत. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावे आणि पिस्तूल तेथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे कसे पोहोचवावे ते विचारावे. अशा जमेची तरतूद अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. शस्त्र जमा केल्याची पावती जपून ठेवावी. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करावा, पात्र व्यक्तीस विकावे की योग्य परवानगीने संग्रहालयास द्यावे, याचा निर्णय त्यानंतर स्वस्थपणे घेता येतो.

भीतीपोटी पिस्तूल नदीत टाकणारा किंवा क्रमांक घासून ते गुपचूप विकणारा वारस स्वतःवर गुन्हा ओढवून घेतो आणि त्याच वेळी इतिहासाचा एक पुरावा कायमचा नष्ट करतो. रोडा कंपनीच्या पन्नास पिस्तुलांपैकी जी मिळाली नाहीत, त्यांतील एखादे अजूनही कोठे शिल्लक असेल, तर ते ओळखण्याचा भरवशाचा मार्ग त्यावर ठोकलेला क्रमांक हाच आहे.