जुनी डिझेल कारच परवडेल का?

प्रश्न : नोकरीसाठी वर्धा-नागपूर रोज ये-जा करायची आहे. कमी किलोमीटर धावलेली जुनी डिझेल कारच परवडेल ना? – एक वाचक, वर्धा

उत्तर : चांगली जुनी गाडी मिळेल, फक्त डिझेलचा हट्ट नको. २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली जुनी तफावत राहिली नाही. रोजच्या सुमारे दीडशे किलोमीटरला डिझेलचं मायलेज कामी येतं, हे खरं. पण जुन्या गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला, तर अनेक महिन्यांची बचत एका बिलात संपते. म्हणून साध्या पेट्रोल इंजिनाची, सर्व्हिसच्या सलग नोंदी असलेली गाडी मला जास्त भरवशाची वाटते, मग ती थोडी जास्त धावलेली का असेना. नुसत्या कमी किलोमीटरवर विसंबू नका, मीटर मागे फिरवता येतो. नोंदी पडताळा, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. नोंदणीची १५ वर्षांची मुदत किती उरली तेही पाहा. सीएनजी किट असल्यास आरसीवर त्याची नोंद हवीच.