कपाटाचे चार खण



महाड हे गाव सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसले आहे. उन्हाळ्यात या नद्या अगदी शांत दिसतात. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळू लागला, म्हणजे त्यांचे रूप पालटते. २२ जुलै २०२१ रोजी असेच झाले. पुराचे पाणी बाजारपेठेत शिरले, घराघरांत शिरले आणि आमच्या आळीतील मुलांच्या वाचनालयाचे एकुलते एक लाकडी कपाटही पाण्याखाली गेले.

पूर ओसरल्यावर आम्ही कपाट उघडले, तेव्हा पुस्तके भिजून फुगली होती व खणांत घट्ट रुतून बसली होती. मुलांनी ती एकेक करून सोडवली आणि अंगणात दोऱ्या बांधून त्यांवर वाळत घातली. पण पाने एकमेकांस चिकटली होती व त्यांत चिखल भरला होता. वाचण्याजोगे असे फारच थोडे उरले. त्या दिवसांत कित्येक घरांत धान्यही शिल्लक नव्हते. तेव्हा पुस्तकांची गोष्ट कोण काढणार? पुढे वर्ष उलटल्यावर थोडी वर्गणी जमली आणि पुस्तके निवडण्याचे काम माझ्याकडे आले.

मी निवृत्त मुख्याध्यापक. मोठ्या उत्साहाने मी यादी केली. थोरांची चरित्रे, सुविचारांचे संग्रह, निबंधमाला, व्याकरण, सामान्य ज्ञान असे सारे तीत होते. यादी भिंतीवर लावली. पोलादपुराहून मामाकडे शिकावयास आलेली सहावीतील एक मुलगी ती बराच वेळ वाचत उभी राहिली. मग ती हळूच म्हणाली, “गुरुजी, ही सगळी पुस्तके आम्ही शहाणे व्हावे म्हणून आहेत. पण जेवणाची हाक आली तरी खाली ठेववणार नाही, असे यांत एकही नाही.”

मी हसलो खरा. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझे बालपण आठवले. मी दहा वर्षांचा असताना, ‘हा मुलगा हुशार आहे’ म्हणून एका वडीलधाऱ्यांनी मला एक जाडजूड कादंबरी दिली होती. मला तिच्यातले काही समजले नाही. आपण मठ्ठ आहोत असे वाटून पुढे दोन वर्षे मी शाळेबाहेरचे एकही पुस्तक हाती धरले नाही. शेजारच्या दादाने सिंदबादच्या सफरी आणून दिल्या, तेव्हा कोठे माझे वाचन पुन्हा सुरू झाले. पुस्तक हे वहाणेसारखे असते. लहान असले तर चावते, मोठे असले तर पायातून निसटते. सकाळी उठून मी जुनी यादी बाजूला ठेवली आणि कपाटाच्या चार खणांवर खडूने चार वये लिहिली.

पहिला खण सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा. या वयात मुले कानांनी वाचतात. म्हणून येथे मोठ्याने वाचून दाखवण्याजोगी पुस्तके ठेवली. चिऊ-काऊची गोष्ट, भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणारी म्हातारी, पंचतंत्रातील बोलणारे प्राणी. हिरकणीची लोककथाही या खणात आली. रायगडाचे दरवाजे बंद झाले, म्हणून तान्ह्या बाळासाठी अवघड कडा उतरून जाणारी ती गवळण आपल्या मुलखातील मुलांस परकी कशी वाटेल?

दुसरा खण नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा. आता मूल स्वतः वाचू लागलेले असते. त्याला नवल हवे असते आणि प्रकरणे आटोपशीर हवी असतात. येथे अरबी कथांना पहिला मान दिला. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या कथा मराठीत आणण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून अल्लाउद्दीनचा दिवा मराठी घरांत तेवत आहे. मुलांसाठी केलेली त्यांची संक्षिप्त रूपे या वयास पुरतात. लुईस कॅरल यांची १८६५ साली प्रसिद्ध झालेली अ‍ॅलिसची गोष्टही मराठी रूपात येथे शोभते. सशाच्या मागे बिळात शिरलेल्या त्या मुलीला भेटणारे सारेच उफराटे बोलतात. आणि उफराटे ओळखता येण्यासाठी सरळ काय ते आधी माहीत असावे लागते!

तिसरा खण अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे तुमचाच. या वयात मुलांना केवळ नवल पुरत नाही. आपल्यासारख्याच कोणा मुलाने संकटाशी सामना केलेला पाहावासा वाटतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असाच आहे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे अंगाने किडकिडीत. त्याच्याजवळ ना जादूची कांडी, ना तलवार. एक सायकल, तल्लख डोके आणि अडचणीतल्या माणसासाठी धावून जाण्याची सवय, एवढ्या भांडवलावर तो सुटतो. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ हे पुस्तक आमच्या कपाटात आल्याबरोबर पोलादपूरच्या त्या मुलीने ते उचलले. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून गेले, की प्रतापगड येतो. आपल्या ओळखीची जागा छापलेल्या पुस्तकात भेटली, म्हणजे तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते.

याच खणावरून एका पालकांनी मला विचारले, “गुरुजी, असल्या खोट्या गोष्टी वाचून मुलांना काय मिळणार?” मी त्यांस भागवतांचे ‘चंद्रावर स्वारी’ दाखवले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची मूळ कादंबरी १८६५ सालची. तीत अमेरिकेतील फ्लॉरिडा येथून एका प्रचंड तोफेने तीन माणसांस चंद्राकडे पाठवले जाते. त्या वेळी विमानही नव्हते. पुढे १०४ वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, फ्लॉरिडाहूनच तीन माणसे खरोखर चंद्राकडे निघाली आणि त्यांतील दोघे चंद्रावर उतरले. तोफेची युक्ती चुकीची होती; तोफेच्या तडाख्याने माणसे जगली नसती. तरी तेथे जाता येईल हा विचार मात्र खरा ठरला. ते पालक काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी ते पुस्तक स्वतःच्याच नावावर नेले.

चौथा खण तेरा वर्षांपुढील वाचकांचा. येथे वाक्ये लांब आहेत आणि सारी उत्तरे लगेच मिळत नाहीत. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी येथे आहे. उमरठ येथे समाधी असलेल्या तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली ज्या सिंहगडावर प्राण वेचले, त्याच सिंहगडाच्या कड्यावरून नाथमाधव तरुणपणी कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्याला अंथरुणावरून उठता येईना, त्याने वाचकांना घोड्यावर बसवून दूरदूरच्या मुलखांत फिरवले! त्याच्या शेजारी डॉ. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथांचा संग्रह आहे. या थोर शास्त्रज्ञाने आपली पहिली मराठी विज्ञानकथा टोपणनावाने स्पर्धेस पाठवली होती. नावाच्या मोठेपणावर नव्हे, तर कथेच्या गुणावर निकाल लागावा, हा हेतू. त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले.

आणि एक खरेखुरे साहस याच खणात आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ साली उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले आणि त्या वर्षीच्या महान उठावात सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला, तेव्हा ते झाशीतच होते. जिवावरच्या प्रसंगांतून ते घरी परतले, आणि त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. सिंदबादलाही हेवा वाटावा असा हा प्रवासी आपल्याच जिल्ह्यातला!

कपाट भरले. पण एके दिवशी सातवीतील एका मुलाने पहिल्या खणातील पुस्तक उचलले आणि बाकीची मुले हसली. “बाळांचा खण तो!” असे कोणीतरी म्हणाले. मुलगा पुस्तक ठेवून निघून गेला आणि आठ दिवस आला नाही. चौकशी करता कळले, की त्याला वाचताना अक्षरे जुळवावी लागत. सोपे पुस्तक घेऊन तो धाकट्या बहिणीला वाचून दाखवी आणि तेवढ्यात स्वतःही शिके. माझ्या खडूच्या आकड्यांनी त्याची ही वाटच अडवली होती.

चूक माझी होती. याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि पाणी सर्वांचे आहे हे कृतीने दाखवून दिले. त्या गावातील कपाटापुढे कोणा मुलाने लाजून परत फिरावे, हे मला सहन झाले नाही. मी ओल्या फडक्याने चारही आकडे पुसून टाकले आणि त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला घेऊन आलो.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. पुस्तकाची पहिली दोन पाने तेथेच उभे राहून मोठ्याने वाचावी. पुढे काय झाले हे जाणावेसे वाटले, तर ते पुस्तक तुमचे. फारच अडखळलात, तर ते सध्या राहू द्यावे. पुस्तक तुमची वाट पाहते, रागावत नाही.

कपाट आता माडीवर आहे. परवा पाहिले, तर तिसरा खण सगळा रिकामा होता. एकदा पुराने तो रिकामा केला होता. या वेळी मुलांनी केला.

स्वाध्याय

१. लेखकाने पुस्तकाला वहाणेची उपमा का दिली आहे?
२. ‘तोफेची युक्ती चुकीची होती; तरी विचार खरा ठरला.’ हे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. लेखकाने कपाटावरील आकडे का पुसले? तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?
४. तुमच्या वर्गासाठी एका खणाची दहा पुस्तके निवडा आणि प्रत्येक पुस्तक का निवडले ते एका वाक्यात लिहा.