तरंगणारे मऊ आमिष : आधी वजन, मग ओतकाम

व्यापारी व कारागीर बांधवांसाठी आज आम्ही एका लहानशा घरगुती उद्योगाची माहिती देत आहोत. गळाने मासे धरणारे हौशी लोक बेडूक, गांडूळ किंवा लहान माशाच्या आकाराचे मऊ प्लॅस्टिकचे आमिष वापरतात. 1949 साली अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी असे गांडूळ घरीच तयार केले आणि त्यातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे मरळ धरणाऱ्यांना बेडकाचे आमिष लागते. मरळ हवा घेण्यासाठी वर येते आणि पाण्यावरच्या भक्ष्यावर झडप घालते. म्हणून हा बेडूक तरंगलाच पाहिजे. बुडणारा बेडूक गिऱ्हाईक एकदा घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही.

माल का बुडतो?

हे आमिष प्लास्टिसॉलचे, म्हणजे पीव्हीसी पावडर व ते मऊ करणारे तेल यांच्या मिश्रणाचे असते. पावडर पाण्याच्या सुमारे 1.4 पट जड, तर तेल जवळजवळ पाण्याइतकेच. त्यामुळे तेल वाढवून माल हलका होतो खरा, पण गळाचे वजन पेलण्याइतका होत नाही. उलट चिकट होऊन फाटतो.

हिशेब असा करावा. समजा, साच्यात 12 मिली माल मावतो आणि त्याचे वजन 13 ग्रॅम भरते. गळ 3 ग्रॅमचा. एकूण 16 ग्रॅम. हे आमिष गळासकट सुमारे 12.4 ग्रॅम पाणी बाजूला सारते, म्हणून ते बुडणारच. आता पोटात 5 मिली पोकळी ठेवली तर प्लॅस्टिक सुमारे 7.6 ग्रॅम लागते. गळ धरून 10.6 ग्रॅम. माल तरंगला, शिवाय कच्चा मालही वाचला.

कृती

साच्यात गुळगुळीत लोखंडी सळईचा तुकडा धरून ओतावे. निवल्यावर सळई ओढून घ्यावी व तोंड गरम पात्याने वितळवून बंद करावे. पोकळी पाठीच्या बाजूस आणि गळाचे वजन पोटाच्या बाजूस ठेवावे, नाहीतर बेडूक उलटा होतो. पोकळीत थर्माकोल घालू नये. प्लॅस्टिकमधील तेल त्याला विरघळवते.

बारीक गांडुळात पोकळी जमत नाही. तिथे काचेच्या पोकळ सूक्ष्म मण्यांची पावडर मिसळतात. ती थोडी थोडी घालून हळू ढवळावी. जास्त झाली तर माल कडक व कमजोर होतो. चमकी कमी वापरावी, मीठ मुळीच नको. मीठ बुडणाऱ्या आमिषात घालतात.

जिवाची काळजी

मिश्रण सुमारे 175 अंश सेल्सिअसला पारदर्शक होते. थर्मामीटर वापरावा. पिवळे-तपकिरी पडू लागले की ते करपते आहे व त्यातून आम्लाची विषारी वाफ निघते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात, मुलांजवळ करू नये. उघड्या हवेत करावे आणि भांडी वेगळी ठेवावीत. ओल्या साच्यात गरम प्लॅस्टिक पडले की ते उसळून अंगावर येते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा पूर्ण वाळवून घ्यावा. हातमोजे व चष्मा हवाच. काचेची पावडर हाताळताना तोंडाला मास्क बांधावा.

विक्रीपूर्वी

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. खाडीत तरंगलेला नग तळ्यात बुडू शकतो. म्हणून प्रत्येक नग गळ लावून गोड्या पाण्याच्या बादलीत रात्रभर सोडावा. तोंड नीट बंद झाले नसेल तर पोकळीत पाणी शिरून तो सकाळी तळाशी सापडेल. असा नग पुन्हा वितळवावा, डझनात घालू नये. माल पॉलिथिनच्या पिशवीत भरावा. स्वस्त कडक प्लॅस्टिकच्या डब्या हे तेल खाऊन टाकते.

सुरुवात एका साच्याने व एका आकाराने करावी. किंमत ठरवताना बाद झालेले नग व गळाचा खर्चही धरावा. दुकानदाराला नमुना देताना पाण्याचा ग्लास समोर ठेवून दाखवला, तर मालाची वेगळी तारीफ करावी लागत नाही.