लग्नातील जेवणाच्या टेबलांसाठी घरची फुले : लागवडीचे नियोजन आणि कीड व्यवस्थापन

बाजारासाठी घेतलेल्या फुलपिकाची तोडणी चार दिवस मागेपुढे झाली, तर दरात फरक पडतो. लग्नासाठी घरी लावलेली फुले चार दिवस चुकली, तर ती कामाचीच राहत नाहीत. येथे तोडणीचा दिवस पिकाच्या वाढीवरून ठरत नाही; तो दोन कुटुंबांनी पंचांग समोर ठेवून आधीच ठरवलेला असतो. घरच्या कार्यात टेबलांवर घरचीच फुले असावीत, अशी हौस असलेले शेतकरी विस्तार कार्यकर्त्यांना बहुधा ‘कोणती फुले लावावीत?’ एवढेच विचारतात. त्याआधी विचारात घ्यावा असा प्रश्न मात्र वेगळाच आहे. ही फुले अन्नाशेजारी ठेवली जाणार आहेत. मग त्यांच्यावर शेवटची फवारणी कशाची आणि केव्हा होणार?

तोरणातील झेंडू डोक्यावर असतो. टेबलावरच्या फुलदाणीतील झेंडू ताटापासून वीतभर अंतरावर असतो. त्याच्या पाकळ्या वाटीत पडतात, मुले तो हातात घेतात आणि त्याच हाताने जेवतात. कीटकनाशकाच्या लेबलवरील प्रतीक्षा काळ प्रामुख्याने खाद्यपिके डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला असतो. फुलपीक खाल्ले जात नाही या समजुतीने, डागविरहित फुलासाठी तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत फवारणी करण्याची सवय व्यापारी लागवडीत सहज लागते. ती सवय घरच्या वाफ्यात येऊ नये, यासाठी पुढील विवेचन आहे.

जागा किती लागते

अपेक्षेपेक्षा बरीच कमी. समजा, ४० टेबले आहेत आणि प्रत्येकावर अ‍ॅस्टरची ५ व झेंडूची ३ फुले ठेवायची आहेत. म्हणजे अ‍ॅस्टरची २०० आणि झेंडूची १२० फुले झाली. तुटफूट, कीड आणि न उमललेल्या कळ्या लक्षात घेऊन दीडपट धरल्यास हे आकडे अनुक्रमे ३०० व १८० होतात. एका आठवड्यात एका अ‍ॅस्टरच्या रोपावर चांगल्या लांब दांड्याची ३ फुले मिळतील असा सावध हिशेब केला, तरी १०० रोपे पुरतात. ३० × ३० सेंमी अंतरावर त्यांना सुमारे ९ चौरस मीटर जागा लागते. झेंडूची ४० रोपे ४५ × ४५ सेंमी अंतरावर जेमतेम ८ चौरस मीटरमध्ये बसतात. भरीची फुले व जाण्यायेण्याची वाट धरूनही सारी लागवड अर्ध्या गुंठ्यात आटोपते.

हा हिशेब केवळ जागेपुरता नाही. अर्ध्या गुंठ्यातील प्रत्येक रोप रोज पाहता येते, वाफ्यावर जाळी घालता येते आणि अळ्या हाताने वेचता येतात. एकरभर पिकात अव्यवहार्य ठरणारे हे उपाय येथे फवारणीपेक्षा स्वस्त पडतात.

मुहूर्तापासून मागे मोजणी

दख्खनच्या पठारावरील ५ डिसेंबरचे लग्न उदाहरणादाखल घेऊ. चायना अ‍ॅस्टरला बी पेरल्यापासून चांगल्या तोडणीपर्यंत साधारण ४ महिने लागतात. म्हणून त्याचे बी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गादीवाफ्यावर पडायला हवे. पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधन केंद्राच्या ‘फुले गणेश’ मालिकेतील गुलाबी, पांढरे व जांभळे वाण किंवा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘कामिनी’, ‘पूर्णिमा’, ‘शशांक’ हे वाण यासाठी उपलब्ध आहेत. फ्रेंच झेंडूला सुमारे ३ महिने धरावेत. आफ्रिकन झेंडू त्याहून उशिरा येतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा नारंगी गेंदा’ या वाणाला पेरणीपासून सुमारे सव्वाचार महिने लागतात. झेंडूचा शेंडा खुडल्याने फुलांची संख्या वाढते, मात्र बहर लांबतो. हे लांबलेले दिवस मोजणीत धरले नाहीत, तर हळदीच्या दिवशी झाडावर नुसत्या कळ्या दिसतात.

एकाच दिवशी सर्व बी पेरणे ही सर्वांत महाग चूक होय. प्रत्येक फुलाची पेरणी ८ ते १० दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत करावी. ढगाळ हवा, थंडी किंवा उशिरा आलेला पाऊस यांमुळे एक हप्ता हुकला, तरी दुसरा हाती लागतो.

प्रदेशानुसार निवड बदलते. उत्तर भारताच्या मैदानी भागात डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत खरमासामुळे लग्ने टाळली जातात. तेथे नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे दोन वेगळे हंगाम समजून नियोजन करावे लागते. थंडीत निशिगंधाचे दांडे कमी निघतात, म्हणून तो उन्हाळी लग्नांसाठी राखावा. ‘अर्का प्रज्वल’ किंवा दुहेरी पाकळ्यांचा ‘सुवासिनी’ हे वाण त्यासाठी चांगले. हिमाचल व उत्तराखंडात वसंत ऋतूत लावलेले ग्लॅडिओलसचे कंद उन्हाळ्यात फुलतात. मैदानात हेच कंद पावसाळा सरल्यावर लावतात. विदर्भ किंवा मध्य प्रदेशातील मे महिन्याच्या लग्नासाठी अ‍ॅस्टरचा हट्ट धरू नये. झिनिया आणि गलांडा ही फुले ते ऊन सोसतात, आणि झिनिया दोन-सव्वादोन महिन्यांत फुलते.

शेवंती लहान दिवसांत फुलणारी असल्याने नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नाला ती आपणहून वेळेवर येते. मात्र वाफा रात्रभर जळणाऱ्या अंगणातील दिव्याच्या उजेडात असेल, तर कळी धरणे लांबते. खत, पाणी, वाण यांची चौकशी करून थकल्यावर कारण खांबावर सापडते.

किडी : कळी धरण्यापूर्वीचा काळ महत्त्वाचा

टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ लावण्याची शिफारस शेतकऱ्यांना परिचित आहे. घाटे अळीच्या मादी पतंगाला झेंडूचे फूल आकर्षित करते आणि ती टोमॅटोऐवजी तेथे अंडी घालते, हे त्यामागचे कारण. लग्नासाठी झेंडू लावताना हाच गुण उलटतो. शेजारी टोमॅटो, हरभरा किंवा तूर असेल, तर परिसरातील पतंगांसाठी घरचा वाफा म्हणजे आयता सापळा ठरतो, आणि अळी फुलाच्या गाभ्यात शिरल्यावर बाहेरून दिसत नाही. ती दिसते थेट टेबलक्लॉथवर.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कळ्या दिसू लागताच वाफ्यावर बांबूच्या कमानी करून मच्छरदाणीचे कापड टाकणे. पतंग रात्री अंडी घालतो. त्यामुळे सायंकाळी कापड घालून सकाळी काढले तरी चालते, आणि दिवसा मित्रकीटकांना वाट मोकळी राहते. कापड कळ्यांना टेकू देऊ नये, कारण मादी त्यावरूनही अंडी घालू शकते. तरीही लहान अळ्या आढळल्यास घाटे अळीच्या विषाणूची (एचएएनपीव्ही) फवारणी लेबलवरील मात्रेनुसार सायंकाळी करावी. उन्हातील अतिनील किरणांनी हा विषाणू निष्क्रिय होतो. अळी मोठी झाली असल्यास विषाणूची वाट पाहण्यापेक्षा ती वेचून काढणे योग्य.

फुलकिड्यांना मच्छरदाणी अडवत नाही. पांढऱ्या व फिकट रंगांच्या फुलांत ते पाकळ्यांच्या तळाशी लपतात आणि पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे पडतात. ग्लॅडिओलसमध्ये ते कळीच्या आवरणात शिरतात. तेथे फवारा पोहोचत नाही, आणि नुकसान फूल उमलल्यावरच कळते. म्हणून रोपे लहान असतानाच निळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावावेत. मावा व पांढऱ्या माशीसाठी पिवळे सापळे लावावेत. आठवड्यातून दोनदा फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच आपटून पाहावा. कागदावर सरकणारे पिवळसर वा काळपट रेषेएवढे कीटक म्हणजे फुलकिडे. ते दिसताच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. हवेत ओलावा असताना लेकॅनिसिलियम लेकॅनी या बुरशीचाही उपयोग होतो. उन्हाळी झेंडूवर लाल कोळी येतो. त्याची सुरुवात पानांच्या खालच्या बाजूने होते, आणि त्या बाजूवर दर दोन दिवसांनी स्वच्छ पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास प्रादुर्भाव बराच आटोक्यात राहतो.

रासायनिक कीटकनाशकाची गरज भासलीच, तर ती रोपावस्थेत किंवा शाखीय वाढीच्या काळात भागवावी, आणि पिकासाठी शिफारस असलेलेच कीटकनाशक निवडावे. कळी दिसू लागल्यानंतर आंतरप्रवाही कीटकनाशक वापरू नये. ते मधुरस व परागात उतरू शकते. मधमाश्यांना त्याचा अपाय होतो, आणि धुऊन ते जात नाही. तोडणीपूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत कोणतीही रासायनिक फवारणी नको. या काळात फुलावर डाग पडला, तर फूल बाजूला काढावे. दीडपट लागवड त्याचसाठी केलेली असते.

भरीची फुले

फुलदाणीत मोठ्या फुलांमधील जागा भरण्यासाठी जिप्सोफिला विकत आणण्याची प्रथा पडली आहे. कोथिंबीर, शेपू आणि बडीशेप यांचे छत्रीसारखे फुलोरे हे काम तितकेच चांगले करतात. त्यांचा दुसरा लाभ मोठा आहे. या उघड्या, बारीक फुलांतील मधुरस सिरफिड माश्या, परोपजीवी गांधीलमाश्या व ढालकिडे यांना सहज मिळतो. सिरफिड माशीच्या अळ्या आणि ढालकिडे मावा खातात, तर परोपजीवी गांधीलमाश्या अळ्यांवर व अंड्यांवर उपजीविका करतात. म्हणून हे पीक वाफ्याच्या कडेने लावावे. धने पेरल्यापासून सुमारे ५० ते ६० दिवसांत फुलोरा येतो. दोन हप्त्यांत पेरल्यास पहिला मित्रकीटकांसाठी सोडता येतो आणि दुसरा टेबलासाठी कापता येतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. दुरून जिप्सोफिलासारखा दिसणारा गाजर गवताचा पांढरा फुलोरा पुष्पगुच्छांत भर म्हणून घातलेला आढळतो. त्याच्या संपर्काने त्वचेला खाज व पुरळ येते, परागामुळे श्वसनाचा त्रास होतो आणि कचऱ्याबरोबर बी नव्या जागी पोहोचते. ज्या तणाच्या नियंत्रणासाठी झायगोग्रामा भुंगेरे सोडावे लागतात, ते हौसेने मंडपात आणू नये. विषारी असलेली कण्हेर आणि चीक लागताच तोंडाची आग करणारी डिफेनबेकियाची पानेही जेवणाच्या टेबलापासून दूर ठेवावीत.

तोडणीपासून टेबलापर्यंत

तोडणी आदल्या दिवशी पहाटे करावी. अ‍ॅस्टर व झेंडू पूर्ण उमललेले घ्यावेत, कारण कळीत तोडल्यास ते नीट उमलत नाहीत. निशिगंध व ग्लॅडिओलस मात्र दांड्यावरील खालची एक-दोन फुले उमलू लागताच कापावेत. ग्लॅडिओलसचे दांडे उभेच ठेवावेत. आडवे ठेवल्यास शेंडे वर वळतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. जेवणाच्या टेबलावर ते आखूड करूनच वापरावेत, नाहीतर समोरासमोर बसलेल्या पाहुण्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत.

प्रत्येक जुडी पांढऱ्या कापडावर दोन-तीनदा झटकून मगच पाण्यात ठेवावी. उरलेले फुलकिडे व लहान अळ्या येथेच पडतात. फुले धुऊ नयेत, कारण ओल्या पाकळ्यांवर करपा व कूज लवकर येते. पाण्यात बुडणारी पाने काढावीत, दांड्याचे टोक तिरके कापावे आणि बादली आधी धुऊन घ्यावी. विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष असेल, तर फुले रात्रभर ताजी राहतात.

तो नसेल, तर घरातील थंड, अंधारी खोली निवडतात. आणि लग्नघरात नेमक्या त्याच खोलीत आंब्याची आढी किंवा केळीचे घड ठेवलेले असतात. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने अनेक फुलांच्या पाकळ्या लवकर कोमेजतात, न उमललेल्या कळ्याही गळतात. फळे आणि फुले यांच्यासाठी दोन वेगळ्या खोल्या कोणत्या, हे तोडणीच्या आदल्या सायंकाळीच घरातील जबाबदार व्यक्तीशी बोलून ठरवून घ्यावे.