रोशा गवताचे तेल

(सुगंधी तेले कशी काढतात, ती अंगदुखी कशी हलकी करतात आणि ती वापरताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

पावसाळा संपत आला, की खानदेशात सातपुड्याच्या उतारांवर एक उंच गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पान चुरगाळून पाहा. गुलाबासारखा वास येतो. हे रोशा गवत. गुलाबात जिरॅनिऑल नावाचे सुगंधी द्रव्य असते, तेच या गवतातही असते. पूर्वी मुंबई बंदरातून रोशाचे तेल तुर्कस्तानापर्यंत जात असे. तेथे काही व्यापारी ते महागड्या गुलाबाच्या तेलात मिसळत. आपल्याकडे मात्र हे तेल दुखऱ्या सांध्यांना आणि कंबरेला चोळण्याची रीत आहे.

हे तेल घाण्यातून निघत नाही. कापलेले गवत पाण्यासह मोठ्या भांड्यात घालून खाली जाळ करतात. वाफ निघते, ती गवतातील तेल बरोबर घेऊन नळीतून बाहेर पडते. नळी थंड पाण्यातून नेली, की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि तेल त्यावर तरंगते. या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. उत्तर प्रदेशातील कनौज येथे अत्तर काढण्याच्या तांब्याच्या भांड्याला 'देग' म्हणतात. हा शब्द तुम्ही घरीही ऐकला असेल. 'अत्तर' हा शब्द मूळचा अरबी भाषेतला आहे. नवव्या शतकात बगदादमधील विद्वान अल-किंदी यांनी अत्तरे आणि ऊर्ध्वपातन या विषयावर ग्रंथ लिहिला होता.

ही तेले उडून जाणारी असतात. एका कागदावर तिळाच्या तेलाचा एक थेंब टाका, शेजारी निलगिरीच्या तेलाचा एक थेंब टाका. काही वेळाने तिळाच्या तेलाचा डाग तसाच राहील. निलगिरीचा डाग बहुतेक नाहीसा होईल.

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार तासन् तास उभा असतो. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या ठणकतात. दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या बाईची कंबर धरते. अशा वेळी तेलाची लहानशी बाटली उपयोगी पडते. पुदिन्याच्या तेलात मेंथॉल असते. त्यामुळे कातडी खरोखर थंड होत नाही. पण थंडीची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना ते जागे करते. आपल्याला गार वाटते आणि दुखण्याकडचे लक्ष कमी होते. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दाताची कळ काही वेळ बधिर करते. विंटरग्रीनच्या तेलातील द्रव्य ॲस्पिरिनच्या जातीचे आहे. म्हणूनच दुखण्यावरच्या अनेक मलमांत ते असते.

चोळण्यालाही महत्त्व आहे. कोपर आपटले, की आपला हात आपोआप तेथे जातो आणि आपण ती जागा चोळतो. असे का होते? 1965 साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी याचे कारण सुचवले. स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोहोचले, की वेदनेच्या संदेशांची वाट अडते. आजीचे गुडघे चोळून देणारा नातू तिला तेलाइतकाच आराम देत असतो.

पण ही तेले फार तीव्र असतात. ती तशीच अंगाला लावू नयेत. चहाचा एक चमचा तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दोन थेंब पुरेत. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांबावे. आग झाली किंवा पुरळ उठले, तर ते तेल वापरू नये. डोळ्यांजवळ आणि जखमेवर तेल लावू नये. मलम चोळल्यावर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये; कातडी भाजण्याची भीती असते.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. वास गोड असतो, बाटली छोटी असते. मूल ती सरळ तोंडाला लावते. विंटरग्रीनचे एक चमचा तेल पोटात जाणे म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्या एकदम खाणे होय. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात. असे झाल्यास मुलाला ओकारी काढायला लावू नये. बाटली बरोबर घेऊन त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. तान्ह्या मुलाच्या नाकाशीही ही तेले लावू नयेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेल दुखणे हलके करते, दुखण्याचे कारण दूर करीत नाही. लवंगेच्या तेलाने दात गप्प होतो, पण आतली कीड चालूच राहते. छातीत दुखून घाम सुटला, पडल्यावर हाड सुजले, दुखण्याबरोबर ताप आला, तर तेल शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. वेदना हा शरीराचा निरोप आहे. किरकोळ निरोप असेल, तर तेलाने भागते. मोठा निरोप मात्र ऐकलाच पाहिजे.

शब्दार्थ

फुलोरा – फुलांचा बहर
निंदणी – शेतातील नको असलेले गवत काढणे
कंबर धरणे – कंबर आखडून दुखणे
बधिर – संवेदना नसलेले
तीव्र – जहाल, कडक
पुरळ – कातडीवर उठणारे बारीक फोड

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रोशा गवताला गुलाबासारखा वास का येतो?
(आ) ऊर्ध्वपातनात तेल पाण्यापासून वेगळे कसे दिसते?

2. कारणे द्या.
(अ) पुदिन्याचे तेल लावल्यावर गार वाटते.
(आ) तेलाच्या बाटल्या लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात.

3. 'वेदना हा शरीराचा निरोप आहे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

4. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.