मानवी रेट्रोव्हायरसचा शोध आणि एका रक्तदात्याच्या पेशी

रक्तपेढीत येणारे दाते व नातेवाईक एक प्रश्न वारंवार विचारतात: प्रत्येक पिशवीतील रक्ताची तपासणी होतेच, तर मग दात्यास इतके खासगी प्रश्न कशासाठी? याचे उत्तर समजून घ्यावयाचे, तर १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत झालेल्या संशोधनाची हकिकत पाहावी लागते.

पेशीतील आनुवंशिक माहिती सामान्यतः डीएनएकडून आरएनएकडे जाते. काही विषाणू मात्र उलट्या वाटेने जातात. आपल्या आरएनएवरून डीएनए घडवून ते पेशीच्या गुणसूत्रात कायमचे ठाण मांडतात. हे घडविणारे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाचे विकर १९७० साली हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. असे रेट्रोव्हायरस कोंबड्यांत व उंदरांत आढळत. मनुष्यात ते असतील यावर पुष्कळ शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. शिवाय रोगप्रतिकारक टी-पेशी शरीराबाहेर फार काळ जगत नसत. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत त्यांची वाढ करणारा घटक सापडला. त्यास आज इंटरल्यूकिन-२ म्हणतात. १९८० साली तेथेच, टी-पेशींचा कर्करोग झालेल्या रुग्णात, एचटीएलव्ही-१ हा पहिला मानवी रेट्रोव्हायरस मिळाला.

जानेवारी १९८३ मध्ये पाश्चर संस्थेत एका रुग्णाच्या मानेतील लसिकाग्रंथीचा तुकडा आला. रुग्णास एड्सची पूर्वलक्षणे होती. ल्यूक माँतान्ये व झाँ-क्लोद शेरमान यांच्या गटात काम करणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी यांनी पूर्वी उंदरांच्या रेट्रोव्हायरसचा अभ्यास केला होता. ग्रंथीतील पेशी जोपासून त्या दर तीन-चार दिवसांनी द्रवात रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजचा माग घेत. सुमारे दोन आठवड्यांनी तो लागला; पण पेशी मरू लागल्या. पेशी संपल्या असत्या, तर विषाणूही हातचा गेला असता. तेव्हा एका निरोगी रक्तदात्याच्या लिम्फोसाइट पेशी त्यात मिसळण्यात आल्या. विकर पुन्हा दिसू लागले आणि काही दिवसांत नव्या पेशीही मरू लागल्या. एचटीएलव्ही-१ टी-पेशींची बेसुमार वाढ घडवून आणतो. हा विषाणू त्यांचा नाश करीत होता. तो निराळा असल्याची ही पहिली खूण होती. मे १९८३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

हाच विषाणू एड्सचे कारण आहे, याचा भक्कम पुरावा १९८४ साली गॅलो यांच्या गटाने मांडला. श्रेयावरून पुढे दोन देशांत जो वाद झाला, त्याची चर्चा मूळ प्रयोगाहून अधिक झाली, हे खेदाने म्हणावेसे वाटते. १९८६ साली विषाणूस एचआयव्ही हे नाव मिळाले. २००८ चे नोबेल पारितोषिक बारे-सिनुसी व माँतान्ये यांना विभागून मिळाले.

विषाणू प्रयोगशाळेत वाढविता आल्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी बनली. १९८५ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या गटाने भारतातील पहिली लागण नोंदविली. पुढे आपल्याकडेही रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही चाचणी बंधनकारक झाली.

मात्र लागण झाल्यानंतर प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागू शकतात. नव्या चाचण्यांनी हा काळ पुष्कळ कमी केला असला, तरी तो शून्यावर आलेला नाही. या अवधीत दात्याचा अहवाल निर्दोष येऊनही रक्तातून विषाणू जाऊ शकतो. ही उणीव केवळ दात्याचे खरे उत्तरच भरून काढू शकते. म्हणून ते प्रश्न एकांतात विचारले जातात व उत्तरे गुप्त राहतात.

रुग्णांच्या कुटुंबीयांचाही एक प्रश्न असतो: रक्तात विषाणू दिसेनासा झाला, आता गोळ्या थांबवाव्यात काय? थांबवू नयेत. भारतात शासनातर्फे २००४ पासून मोफत मिळणाऱ्या या औषधांनी विषाणूची वाढ रोखली जाते. नियमित घेतल्यास रुग्ण दीर्घकाळ कामकाज करू शकतो. परंतु काही सुप्त टी-पेशींच्या गुणसूत्रांत विषाणूचा डीएनए तसाच राहतो. औषधे बंद केली, की बहुधा काही आठवड्यांतच त्या पेशींतून विषाणू पुन्हा रक्तात उतरतो.