उघड करणं पुरेसं नाही

चि. सायली,


तुमच्या ट्रायलमधल्या औषधाचं पेटंट सरांच्या नावावर आहे, असं तू कळवलंस. ‘संमतीपत्रात तसं लिहिलंय, मग आणखी काय करायचं?’ असंही विचारलंस. बरं झालं विचारलंस.

नुसतं लिहिणं का पुरत नाही, हे समजायला जेसी गेल्सिंगर हे नाव लक्षात ठेव. अमेरिकेतला १८ वर्षांचा मुलगा. यकृतातल्या एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे त्याच्या रक्तात अमोनिया साठायचा. पण पथ्य आणि औषधांवर त्याचं ठीक चाललं होतं. याच आजाराने दगावणाऱ्या बाळांना उपयोग होईल, म्हणून तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जनुकोपचाराच्या ट्रायलमध्ये सामील झाला. १३ सप्टेंबर १९९९ ला त्याला डोस दिला. १७ तारखेला तो गेला.

संशोधनाचे प्रमुख जेम्स विल्सन यांचा आणि विद्यापीठाचा त्यात आर्थिक हितसंबंध होता, आणि तो संमतीपत्रात छापलेलाही होता. तरीही चौकशीत काय निघालं? डोसआधी जेसीचा अमोनिया ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. आधीच्या प्रयोगांत माकडं मेल्याचं संमतीपत्रात नव्हतं. आधीच्या रुग्णांतले गंभीर दुष्परिणाम वेळेवर कळवले नव्हते. हे पैशापायी झालं, असं न्यायालयाने ठरवलेलं नाही. २००५ मध्ये सरकारबरोबरचं प्रकरण तडजोडीने मिटलं. पण हितसंबंध असला की साधी चूकसुद्धा साधी होती हे कुणाला पटवता येत नाही.

म्हणून उघड करणं ही फक्त पहिली पायरी. ज्याला फायदा आहे त्याने रुग्ण निवडू नयेत, संमती घेऊ नये आणि एखादा त्रास औषधामुळे झाला की नाही, हे ठरवू नये. आकडेवारीही बाहेरच्या जाणकाराने तपासावी. आपल्याकडे भारतात क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायल तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या सदस्याचा हितसंबंध असेल, तर त्याने अध्यक्षांना लेखी कळवून बैठकीतून बाजूला व्हायचं असतं. संशोधकालाही हाच न्याय हवा.

स्वतःकडेही बघ. चांगला निकाल आला तर तुझी पीएच.डी. लवकर होईल, हाही हितसंबंधच. नको असलेला आकडा गाळावासा वाटला, तर आधी कारण वहीत लिही आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखव.

सरांशी आदराने बोल, पण बोल. त्यांनी मनावर घेतलं नाही, तर कमिटीला लेखी कळव. रुग्णाने सही केलेली असते ती आपल्यावरच्या विश्वासाने. त्याच्या बाजूने उभं राहणं हे तुझं पहिलं काम आहे.

तुझी,
मावशी